वेंडेल यांनी मॉनिटर बंद केला तेव्हा

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि पाइनशोर ऑडिओच्या प्रमुख, माननीय फिलिस ग्रुनवाल्डबाई. व्यासपीठावर बसलेले कंपनीचे जुनेजाणते अभियंते. आजचे सत्कारमूर्ती वेंडेल ऑस्टबी आणि त्यांच्या पत्नी जूनबाई. आणि सरोवरावरून इतका बोचरा वारा सुटलेला असताना चर्चच्या या तळघरात कॉफीचे पेले धरून दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या सगळ्या स्नेह्यांनो,

मला इथपर्यंत हात धरून आणणाऱ्या गृहस्थांनी मघाशी हळूच विचारलं, दिव्याचा झोत डोळ्यांवर येतोय का, कमी करू का? मी म्हटलं, असू द्या, त्या दिव्याचं आणि माझं कधी भांडण झालेलं नाही. हसलात, बरं केलंत. आंधळ्या बाईनं स्वतःच एकदा हसून घेतलं, की समोरची माणसं जरा सैल बसतात.

माझं नाव आयली कोस्केला. मी हॉटनच्या छोट्या रेडिओ केंद्रात ध्वनिसंपादक आहे. लोकांनी जे बोललेलं असतं त्यातलं नको ते कापायचं, हवं ते जोडायचं आणि जोड कुणाला कळू द्यायचा नाही, हे माझं काम. पाइनशोरच्या निरोप समारंभात पाइनशोरच्या माणसांनी बोलायचं, असा तुमच्याकडचा रिवाज आहे म्हणे. मी पडले गिऱ्हाईक. पण फिलिसबाईंनी फोन करून सांगितलं की वेंडेलना भाषणाबद्दल विचारलं, तर ते म्हणाले, आयली बोलणार असेल तरच मी येतो. आता निरोपाच्या समारंभाला सत्कारमूर्तीच आला नाही तर चर्चच्या भगिनींनी भट्टीत भाजलेला हा हॉटडिश कुणाच्या नावानं खायचा? म्हणून मी सकाळची बस धरून आले.

वेंडेल यांची कामगिरी सांगायला इथे माझ्याहून लायक माणसं बसली आहेत. त्यांनी तुमची किती साउंड कार्डं तपासली, किती गाणारे-वाजवणारे, किती रेडिओवाले त्यांच्या फोनमुळे वेळेवर काम संपवू शकले, ते तुम्ही सांगालच. मला एकाच दुपारची गोष्ट सांगायची आहे. ती तुमच्यापैकी काहींनी ऐकली असेल, पण टेलिफोनच्या या टोकाकडून. मी त्या टोकाला होते.

वीसेक वर्षं झाली असतील. त्याआधी मी टेपवर काम करायचे. टेप बोटांनी चाचपता येते, टेपयंत्राच्या हेडजवळ पुढेमागे फिरवली की शब्द कुठे सुरू होतो ते कळतं, तिथे ब्लेड लावायचं. त्यासाठी डोळ्यांची गरजच नव्हती. मग रेडिओवाले एकेक करून संगणकावर गेले आणि मी घरी बसले. आईचं स्वयंपाकघर मी तेवढ्या काळात इतकं घासलं, की शेवटी तीच म्हणाली, कुठेतरी नोकरी बघ, माझी भांडी झिजली.

हॉटनच्या केंद्राचे व्यवस्थापक तेव्हा डेल रुओना होते. डेल आता नाहीत. त्यांच्याबद्दल बोलताना मला जपून बोलायचं आहे, कारण ते वाईट गृहस्थ नव्हते. मी दारातून आत आले की ते वाटेतल्या खुर्च्या सरकवून ठेवायचे. त्या खुर्च्या कुठे आहेत ते मला पाठ होतं. त्यांनी सरकवल्या की मी आपटायचे. त्यांच्या चांगुलपणाची तऱ्हा ही अशी होती. त्यांनी मला बर्फ वितळेपर्यंतच्या बोलीवर घेतलं. जमलं तर बघू, म्हणाले. 'बघू' म्हणताना त्यांच्या आवाजात आधीच थोडं वाईट वाटलेलं होतं.

आता आंधळी बाई संगणकावर काम कशी करते, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. संगणकात एक प्रोग्रॅम असतो, तो पडद्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचतो. मी कळ दाबायची, त्यानं सांगायचं की तू आता अमक्या ठिकाणी आहेस. माउस मला निरुपयोगी. मी सगळं कीबोर्डवर करते. म्हणजे तुम्हाला जो पडदा, तो मला आवाज. आणि त्या संगणकात आवाज यायचा तो आत बसवलेल्या पाइनशोरच्या साउंड कार्डातून. कार्ड उत्तम होतं, आजही म्हणेन. पण कार्ड आणि संगणक यांची भाषा एक नाही. मध्ये दुभाष्या लागतो. त्या दुभाष्याला तुम्ही ड्रायव्हर म्हणता. आणि दुभाष्यानं घोळ घातला तर दोन्हीकडची शहाणी माणसं कशी गप्प होतात, हे या सभागृहाला मी काय सांगावं?

त्या आठवड्यात माझ्याकडे पहिलं मोठं काम होतं. सुपीरियर सरोवरावरची हेरिंग मासळी साफ करण्यात ज्यांचा जन्म गेला अशा म्हाताऱ्या बायकांच्या मुलाखती. काय बोलायच्या त्या! एकीनं सांगितलं होतं, की थंडीनं बोटं बधिर झाली की आम्ही मोठ्यानं भांडण काढायचो, भांडताना हातांना ऊब येते. शनिवारी सकाळी कार्यक्रम प्रसारित व्हायचा होता. शुक्रवारी दुपारी मी सुरुवात केली, तर संगणकानं सांगितलं की साउंड कार्डाचा नवा ड्रायव्हर आला आहे, घालू का? मी म्हटलं घाल. त्यानं घातला, संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाला.

आणि आवाज नाही.

तुमच्या संगणकाचा आवाज गेला तर तुमचं गाणं बंद पडतं. तुम्ही पडद्यावर बघता, इथे तिथे दाबता, दुरुस्त करता. माझा आवाज गेला तेव्हा दुरुस्तीची जागाही त्याच्याबरोबर गेली. मी कळा दाबत होते आणि काय होतंय ते मला कळत नव्हतं. आतल्या त्या बायका, त्यांचं भांडण, त्यांची मासळी, सगळं तिथेच होतं, आणि मी दाराबाहेर.

डेल आले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "आयली, तू घरी जा. या खेपेला मी दुसऱ्या कुणाकडून करून घेतो. तुझा यात काही दोष नाही."

तुझा दोष नाही. मंडळी, हे वाक्य किती मऊ असतं, आणि किती माणसांच्या नोकऱ्या या मऊ वाक्यानं गेल्या असतील! मी त्यांच्याकडे फक्त संध्याकाळपर्यंतचा वेळ मागितला. ते म्हणाले, बरं. पण ते फोन करायला आपल्या खोलीत गेले, आणि कुणाला करताहेत ते मला ऐकू येत होतं.

मीही फोन उचलला. पाइनशोरचा मदतीचा नंबर मी कधीतरी एका मैत्रिणीकडून वाचून घेऊन पाठ केला होता. बराच वेळ संगीत वाजलं. मग एक जाड, जरा कंटाळलेला आवाज आला. म्हणाला, मी वेंडेल, आणि स्क्रीनवर काय दिसतंय ते सांगा.

मी म्हटलं, काही नाही.

"म्हणजे काळी झाली आहे?"

"ते मला नाही सांगता यायचं. मी आंधळी आहे."

पलीकडे शांतता झाली. अशा शांततेनंतर काय येतं ते मला चांगलं ठाऊक होतं. अरेरे येतं, नाहीतर माफ करा येतं. यांनी विचारलं, जवळ डोळस कुणी आहे का, त्याला फोन द्या. मला राग आला, पण प्रश्न रास्त होता. मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, आहे एक जण. पण ते या खुर्चीत बसले, की ही खुर्ची मला परत मिळायची नाही.

मग हा माणूस म्हणाला, "बरं. मग आधी मला शिकवा. तुम्ही रोज काम कशा करता?"

या वाक्यासाठी मी आज बस धरून आले आहे.

मी शिकवलं, त्यांनी ऐकून घेतलं. आणि मग, वेंडेल, तुम्ही रागावू नका, पुढचा बराच वेळ त्यांचे सगळे अंदाज चुकले. त्यांना वाटलं आवाजाचं बटण शून्यावर गेलं. नव्हतं. मग संगणक पुन्हा सुरू करायला लावला. मग त्यांना वाटलं कार्डच मेलं, आणि तसं त्यांनी बोलूनही दाखवलं. 'उफ दा' हा 'अरे देवा'सारखा उद्गार मी त्या दुपारी जितक्या वेळा ऐकला, तितक्या वेळा माझ्या नॉर्वेजियन शेजारणीच्या घरीही कधी ऐकला नाही.

शेवटी त्यांनी विचारलं, संगणकाच्या मागे हात जातो का? जातो म्हटलं. मी टेबलाखाली गुडघ्यांवर बसले, फोन मानेत धरला आणि कार्डाच्या पाठीवरून बोटं फिरवली. गोल भोकांची रांग लागली. माझा हेडफोन पहिल्या भोकात होता. वेंडेल म्हणाले, तो काढा आणि पुढच्यात घाला. काही नाही. त्याच्या पुढच्यात. काही नाही. मला वाटलं, आता यांना काही सुचत नाही म्हणून मला कामाला लावलंय. तरी रांगेच्या अगदी टोकाच्या भोकात घातला, आणि कानात आमचा तो यंत्राचा निर्विकार आवाज स्पष्ट बोलला: नवीन साधन वापरासाठी तयार आहे.

तो बोलतच होता हो! इतका वेळ तो इमानानं सगळं वाचत होता. नव्या ड्रायव्हरनं भोकांचा क्रम उलटा लावला होता, आणि जिथे कुणी ऐकायला नाही अशा ठिकाणी त्याला उभं केलं होतं. मी टेबलाखाली बसून रडले. वेंडेल यांना वाटलं, मला शॉक लागला.

पण अध्यक्षबाई, गोष्ट तिथे संपली नाही. मी संपादनाचा प्रोग्रॅम उघडला, आणि आवाज पुन्हा गेला. बंद केला की येतो, उघडला की जातो. आता मात्र वेंडेल यांना लगेच उमगलं. नव्या ड्रायव्हरच्या जोरावर तो प्रोग्रॅम अख्खं कार्ड स्वतःकडे ओढून घेत होता, दुसऱ्या कुणाला बोलू देत नव्हता. गाणं करणाऱ्याला तेच हवं असतं. मध्येच संगणकाची टिंगटिंग नको. ते म्हणाले, तुमच्या संगणकाला स्वतःचा साधा आवाजही असेल, कार्डाशिवायचा. बोलणारा आवाज तिकडे न्या, कार्ड मुलाखतींसाठी ठेवा. मी शोधलं. तो साधा आवाज कुणीतरी बंद करून ठेवला होता. मी म्हटलं, कार्ड बसवणाऱ्यानं केला असणार, तुमच्याच माहितीपत्रकात तसं करा म्हणून लिहिलंय.

वेंडेल यांनी कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "ते वाक्य मी लिहिलंय."

आता तो चालू करायचा होता. ते सांगायचे, वर उजवीकडे पिवळी खूण आहे बघा, तिच्यावर क्लिक करा. मी म्हणायचे, मला पिवळं नाही आणि उजवीकडेही नाही. मला फक्त पुढचं आणि मागचं आहे. ते माफी मागायचे आणि पुन्हा पिवळ्यावर यायचे. असं दोन-चारदा झालं. मग टिक असा आवाज आला, आणि त्यांचा श्वास जरा बदलला. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, काही नाही, मी माझा मॉनिटर बंद केला. दिसतंय तोवर मी दिसण्याचंच बोलणार.

आणि तो माणूस, इथे ड्युलुथमध्ये, काळ्या पडद्यासमोर बसून माझ्याबरोबर कीबोर्डवर चालू लागला. पण माझ्याकडे बोलणारा आवाज होता, त्यांच्याकडे काहीच नव्हतं. ते चुकायला लागले. मी त्यांना सांगायला लागले, वेंडेल, तुम्ही पुढे गेलात, मागे या. नाही, तिथे नाही, एक खाली. फोन केला होता मी मदतीसाठी, आणि भलतीच बाजू उलटली होती. त्यांच्या खोलीतली बाकीची माणसं हसत होती, ते मला ऐकू येत होतं. तेही हसले. आम्ही पोचलो. साधा आवाज चालू झाला. एका कानात माझा यंत्रमानव, दुसऱ्या कानात हेरिंगवाल्या बायका. आजही मी तशीच काम करते.

डेल दारात उभे होते. कधीपासून ते मला कळलं नव्हतं. पुष्कळ नंतर त्यांनी सांगितलं. घरी निघाले होते, कोट चढवलेला, आणि आतून मी कुणालातरी फोनवर दटावून वाट दाखवते आहे हे ऐकून थबकले. तसेच मागे फिरले आणि ज्यांना बोलावलं होतं त्यांना नको म्हणून कळवलं. शनिवारी कार्यक्रम वेळेवर गेला. सोमवारी डेल म्हणाले, बायका बऱ्या बोलल्या. आमच्याकडे याहून मोठी स्तुती फक्त कबरीवर लिहितात. बर्फ वितळलं, पण माझ्या बोलीचं कुणी नाव काढलं नाही. आणि त्यानंतर खुर्च्याही कधी सरकल्या नाहीत.

यापुढचं मी स्वतः पाहिलेलं नाही. फिलिसबाईंनी सांगितलं म्हणून सांगते. चुकलं तर त्यांनी मला इथेच थांबवावं.

वेंडेल दुसऱ्या आठवड्यात अभियंत्यांच्या बैठकीत गेले. म्हणाले, आपला ड्रायव्हर न विचारता संगणकाचा आवाज ताब्यात घेतो, ते बंद करा. आधी विचारा, आणि कुणी उत्तर दिलं नाही तर हात लावू नका. अभियंत्यांच्या डोक्यावर तेव्हा आधीच कामांचा ढीग होता. त्यांनी विचारलं, अशी आंधळी गिऱ्हाइकं आपल्याकडे किती आहेत? वेंडेल म्हणाले, एक. एका बाईसाठी? असं कुणीतरी म्हणालं. त्यात दुष्टपणा नव्हता, हिशेब होता.

वेंडेल म्हणाले, "एक जण फोन करू शकली. आपला नंबर आपण फक्त पडद्यावर दाखवतो. बाकीच्यांनी कुठून करायचा?"

फिलिसबाई, त्यावर तुम्ही, ते काम सगळ्यात वर घ्या, एवढंच म्हणालात. हेही आज इथे सांगितलं पाहिजे, कारण तुम्ही स्वतः ते कधी सांगणार नाही.

ड्रायव्हर बदलला. नंबर खोक्यावर ब्रेलच्या उठावाच्या ठिपक्यांत आला. मग फोन येऊ लागले. मॅनिटोबातली एक पियानो वाजवणारी, आयोवातल्या चर्चचा ध्वनी सांभाळणारा एक जण, आणखी कितीतरी. सगळे फोन वेंडेलकडेच जात. एक फोन मात्र ते विसरले नाहीत. कॅन्ससमधला एक गृहस्थ होता, जाहिरातींना संगीत द्यायचा. त्यानं चौकशी केली, सगळं नीट ऐकून घेतलं, आणि म्हणाला, बरं झालं, पण मी माझं सगळं सामान गेल्या वर्षीच विकलं. मला वाटलं चूक माझीच आहे, असं तो म्हणाला. वेंडेल यांनी त्याला परत कामाला लावण्यासाठी पुष्कळ खटपट केली. तो आला नाही. कुणी त्यांच्याजवळ माझी गोष्ट कौतुकानं काढली, की वेंडेल त्या कॅन्ससवाल्याची काढतात. मला ते आवडतं. सगळं गोड झालं असं ते कुणाला वाटू देत नाहीत.

आता शेवटचं, आणि हे मी त्यांच्या परवानगीनं बोलते आहे.

या पानगळीत एक दिवस वेंडेल यांचा फोन आला. इतक्या वर्षांत फोन नेहमी मी करायचे. मला वाटलं, नवीन ड्रायव्हर आला. त्यांनी हवापाण्याचं विचारलं, आईचं विचारलं, सरोवर गोठायला लागलं का ते विचारलं. मग म्हणाले, गिऱ्हाईक म्हणतं आवाजात खरखर आहे, पाठवलेला नमुना मी ऐकतो, आणि मला स्वच्छ ऐकू येतो. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला देतो, ती म्हणते, भयंकर खरखर आहे. डॉक्टर म्हणाले, डावा कान गेला, उजवाही निघालाय.

तेव्हा वेंडेल निवृत्त का होताहेत, ते आता तुम्हाला कळलं. मासे पकडायला जायचंय म्हणून त्यांनी सगळ्यांना सांगितलं आहे. मासेही पकडतीलच.

त्यांनी मला विचारलं, "आयली, लोकांना पहिल्यांदा सांगायचं कसं गं?"

इतकी वर्षं ते मला अहो-जाहो करत आले. त्या दिवशी पहिल्यांदा अगं म्हणाले. मी म्हटलं, एकदम सगळ्यांना सांगून टाका, आणि सांगताना त्यांनी काय करायचं तेही सांगा. माणसांना वाईट वाटत बसण्यापेक्षा काम दिलेलं बरं असतं. ते म्हणाले, तूच सांग मग. मी सांगायला लागलो की पुटपुटतो.

म्हणून सांगते. वेंडेलशी बोलताना त्यांच्या उजव्या बाजूला बसा. तोंड त्यांच्याकडे ठेवा. ओरडू नका, सावकाश बोला, आणि एका वेळी एकानंच बोला. त्यांना कळलं नाही तर 'जाऊ द्या, काही विशेष नाही' असं कधीही म्हणू नका. पुन्हा सांगा. तिसऱ्यांदा लागलं तर तिसऱ्यांदा सांगा. जेवणाच्या टेबलावर त्यांच्या उजवीकडची खुर्ची आज जूनबाईंनी मुद्दाम रिकामी ठेवली आहे. तिथे एकेक जण येऊन बसा, घाई करू नका, हॉटडिश पुष्कळ आहे.

फिलिसबाईंनी मला बोलावलं, चर्चच्या भगिनींनी सगळ्यांसाठी रांधलं, आणि तुम्ही एका परक्या गिऱ्हाइकाचं इतकं लांबण ऐकून घेतलंत, याबद्दल मी तुम्हा सगळ्यांची मनापासून ऋणी आहे. घड्याळ मला दिसत नाही, त्यामुळे वेळेचं भान सुटलं असेल. कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाबद्दल जास्तीचं बोलले असेन, तर ते आपल्या मोठेपणात सामावून घ्या. पहिली मी जाते. मला कुणीतरी त्या खुर्चीपर्यंत पोचवा.